नकाशाबाहेरचा किल्ला

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा हा जोडणीचा मुलूख आहे. येथील कारखान्यांत मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग पाळ्यापाळ्यांनी जुळविले जातात. कोणता भाग कोठे, कोणत्या क्रमाने आणि किती घट्ट बसवायचा हे आधीच ठरलेले असते. त्यात स्वतःच्या मनाने फेरफार करणे हे कौशल्य नव्हे, तो दोष मानला जातो. कारखान्यात हे योग्यच आहे. परंतु हीच शिस्त कामगारांच्या आणि कारकुनांच्या मुलांच्या खेळात शिरली तर काय होईल, याचा विचार पालकांनी व शिक्षकांनी केला पाहिजे.

या विचाराला निमित्त आहे ते प्लॅस्टिकच्या विटांच्या खेळसंचांचे. पंखवाले अजगर, जादूगार, परीकथेतील राजवाडे आणि मनोरे यांचे संच आज या वसाहतींतील घराघरांत वाढदिवसाची भेट म्हणून येतात. खोक्यावर रंगीत चित्र, आत सुट्या विटा आणि सोबत क्रमवार आकृत्यांची पुस्तिका. मूल एकेक पान उलटते, विटा बसविते आणि दोन दिवसांत चित्राबरहुकूम किल्ला उभा राहतो. मग तो काचेच्या कपाटात जातो आणि ‘हात लावू नकोस, मोडेल’ अशी ताकीद मिळते. ज्या क्षणी खेळ सुरू व्हावा, त्याच क्षणी तो संपतो.

यात दोष विटेचा नाही. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियान्सन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करावयास आरंभ केला. त्यातूनच लेगो हा उद्योग उभा राहिला. वर उंचवटे आणि पोटात नळ्या असलेल्या आजच्या विटेचे पेटंट १९५८ सालचे. त्या वेळची वीट आज विकत घेतलेल्या विटेवर नेमकी बसते; या अचूकतेचे मोल भोसरीत साचे घडविणाऱ्या कारागिराला वेगळे सांगावयास नको. १९७८ साली शिपायांसह मध्ययुगीन किल्ल्याचा संच आला आणि पुढे त्या किल्ल्यांत अजगर व जादूगार वस्तीस आले. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणित आहे. पुस्तिका मात्र संपूर्ण संचातून एकच आकृती शिकविते. उरलेल्या कोट्यवधी आकृतींवर मुलाचा हक्क आहे आणि तो कपाटात कोंडला जातो.

पुस्तिकेप्रमाणे जोडण्यातही शिक्षण आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. आकृती वाचणे, डावे-उजवे ओळखणे, चुकलेली वीट शोधून काढणे, धीर धरणे हे सारे गुण त्यातून येतात. पण ती पहिली पायरी होय. अजगराचे पंख मनोऱ्याला लावून पाहणे, दरवाजा अरुंद केला तर शत्रू कसा अडेल हे ठरविणे, बांधलेले निर्दयपणे मोडून पुन्हा बांधणे, ही दुसरी पायरी. कल्पना तेथेच कामाला लागते.

महाराष्ट्राला हा खेळ परका नाही. दिवाळीत दगड, विटांचे तुकडे, गोणपाट आणि माती यांचा किल्ला मुले पिढ्यान्‌पिढ्या बांधीत आली आहेत. अळीव पेरून त्यावर रान उगवायचे, मावळे मांडायचे, आणि दिवाळी सरली की तो मोडायचा. त्याला पुस्तिका नव्हती. चाकणच्या मुलांसमोर तर खराच संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी शायिस्ताखानाच्या फौजेला दीड महिन्याहून अधिक काळ तेथे झुंजविले. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला पडला. भुईकोटाला खंदक का लागतो, बुरूज कोठे असावा, हे प्रश्न त्या भिंतींपाशी उभ्या राहणाऱ्या मुलाला सुचतात आणि ते मातीत सोडविता येतात तसेच प्लॅस्टिकच्या विटांतही. परंतु फरसबंद आवारांत माती उरली नाही, आणि दिवाळीला तयार किल्ला विकत आणण्याची प्रथा पडू लागली आहे. म्हणजे माती असो वा प्लॅस्टिक, घडविण्याची जागा मांडणी घेत आहे.

किंमत हाही प्रश्न आहेच. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६०, तर २०२३ साली ७० टक्क्यांवर नेण्यात आले. परदेशी संच कारकुनाच्या पगाराला जड जातो. पण घडविण्याचा आनंद किमतीवर अवलंबून नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात परिसरातील साध्या वस्तूंतूनच शिक्षणसाधने घडविली. टेल्कोच्या पुणे कारखान्यातील नोकरी सोडून मुलांच्या विज्ञानशिक्षणाकडे वळलेल्या अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांतून जोडणीचा खेळ रचला. ट्रक बनविणाऱ्या याच कारखान्यातून निघालेला अभियंता काड्यांकडे वळला, ही गोष्ट या पट्ट्यातील प्रत्येक शाळेत सांगण्याजोगी आहे.

करावयाचे ते फार नाही. शाळांनी घरोघरी पडून असलेल्या सुट्या विटा गोळा करून वर्गाची सामाईक पेटी करावी आणि आठवड्यातून एक तास पुस्तिकेविना ती मुलांपुढे उपडी करावी. त्या तासाला गुण देऊ नयेत. गृहसंस्थांनी वाहनतळासाठी आखलेल्या पट्ट्यांपैकी एक कोपरा मातीसाठी राखावा. आणि पालकांनी कपाटाचे दार उघडे ठेवावे.

ज्या भूमीत दिवसभर दुसऱ्याच्या नकाशाबरहुकूम काम होते, तेथील मुलांना निदान संध्याकाळी स्वतःचा नकाशा काढता आला पाहिजे. उद्याचे नवे यंत्र ज्याला सुचावयाचे आहे, त्याने आज एखादा अजगर चुकीच्या जागी बसविलेला असणे आवश्यक आहे.