प्रश्न विचारणारी मुले घडवा!



मुलगा गुणपत्रिका घेऊन घरी आला म्हणजे आपली छाती अभिमानाने फुलते. ती फुलावीच. पण त्याला एकदा विचारून पाहा : तुझी आजी कोणत्या गावाहून सोलापुरास आली? पणजोबा कोणत्या शाळेत बसला? तो निरुत्तर होईल. राजांच्या सनावळ्या मुखोद्गत असणाऱ्या या मुलास शेजारच्या खाटेवर बसलेला इतिहास वाचता येत नाही. हा दोष त्याचा नव्हे. विचारावे कसे, हे आपण त्याला शिकविलेच नाही.

काही शहाणे म्हणतात, "निरक्षर म्हाताऱ्यांना काय ठाऊक असणार?" या शहाण्यांना आपल्या धम्माची परंपराच ठाऊक नाही! तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहास पहिली संगीती भरली, तेव्हा महाकाश्यपांनी विनय विचारला तो उपालीला, आणि उपाली जन्माने न्हावी होता. कोणता नियम कोठे झाला, कोणामुळे झाला, कोणत्या प्रसंगी झाला, हे एकेक करून विचारले गेले. नेमक्या प्रश्नांनीच विनय जतन झाला. आपल्या काळातही ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून मुलाखती घेतल्या, म्हणूनच १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध झाला.

हा केवळ आठवणींचा प्रश्न नव्हे, हक्काचा आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पणजोबाची शाळा आजीला आठवते. पण तिला कोणी विचारतच नाही, आणि शाळेच्या दप्तरातील नोंद तशीच पडून राहते. धर्मांतर केले १९५६ साली; केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत धरले १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत आपल्या घराने काय सोसले, हे उद्या कोण सांगणार?

मग शिकवायचे काय? "गिरणीत अस्पृश्यता होती का?" असे विचारले तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच मिळेल. त्याऐवजी विचारावे : आपण कोणत्या खात्यात होता? पाण्याचा माठ कोठे असे? ओंजळीत पाणी कोण ओती? मग गप्प बसून ऐकावे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले निरनिराळे लिहावे. लिहिलेले वाचून दाखवावे, संमती घ्यावी, कागदपत्रांशी ताडून पाहावे. आणि आपल्याला हवे ते उत्तर वृद्धांच्या तोंडी कदापि घालू नये! पढविलेली साक्ष शत्रू एका उलटप्रश्नात मोडतो; शिवाय असत्यावर धम्म उभा राहत नाही.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले ते याच सोलापुरात. मुलांनी केवळ पास व्हावे, एवढ्यासाठी का बाबासाहेबांनी ही खटपट केली?

१९५६ साली जी मुले दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. प्रत्येक अंत्ययात्रेबरोबर आपला एकेक साक्षीदार जात आहे. येत्या रविवारी विहारात मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्या आणि त्यांना वृद्धांसमोर बसवा. शोकसभेत हळहळण्यापेक्षा आज एक प्रश्न विचारलेला बरा.

जयभीम!