गाडी पुळणीवर उतरवू नका!

नाताळच्या सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण बघायला निघालेल्या सगळ्यांना हात जोडून सांगणे आहे. या, पोटभर मासे खा, पण गाडी सुरूच्या बनाअलीकडेच ठेवा.

गेल्या ३१ डिसेंबरला एक पांढरी गाडी आमच्या पुळणीवर उतरली. ओहोटी होती, ओली वाळू सिमेंटसारखी टणक दिसत होती. फोटो झाले आणि वळवताना पुढचे चाक रुतले. चालकाने आणखी जोर दिला, तसे चाक जागच्या जागी फिरत खड्डा करत गेले. चौघे ढकलताहेत, पायपुसणी चाकाखाली घालताहेत, आणि पाणी चढतेच आहे. ट्रॅक्टर आला तेव्हा वेफर्सच्या पिशव्या आतून काचेला लागून तरंगत होत्या. खारे पाणी प्यायलेल्या गाडीचे पुढे काय होते, ते एखाद्या गॅरेजवाल्याला विचारा.

हिवाळ्यातला समुद्र पावसाळ्यासारखा गर्जत नाही, म्हणून माणूस फसतो. भरती मात्र बारा महिने दिवसातून दोनदा येते. तिचा हिशेब आमच्याकडे पोरांनाही येतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. दुपार-संध्याकाळची तशीच पहाटेचीही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी बनाच्या मुळापर्यंत येते. म्हणजे हॉटेलचे बुकिंग करताना कालनिर्णयही उघडा.

आणि तुमच्या गाडीपेक्षा नाजूक जीव त्याच वाळूत आहेत. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरावर अंडी, पिल्ले बाहेर पडायला दीड-दोन महिने. चाकाखाली घरटे दबते ते दबतेच, पण चाकाची नुसती चाकोरीही पिल्लाला दरीसारखी. त्यात अडकलेले पिल्लू समुद्राला लागायच्या आत कावळ्याला सापडते. हेडलाइट तर त्यांना उलट्या दिशेला नेतो.

प्रवास आखताना किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. अलिबागहून किनाऱ्याने गणपतीपुळ्याला जाताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. सुट्टीत जेटीवर रांग लागते, रात्री फेरी बंद. दाभोळला शेवटची बोट चुकली, तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणचा वळसा, तोही अंधारात. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि दिवसाला दोनच खाड्या धरा. तिसरी धरलीत की जेवण गाडीतच होते.

घाट मध्यरात्री उतरू नका. ताम्हिणीत पहाटे धुके असते, खाली उतरलात की दहिवराने रस्ता ओला. हेडलाइट डिपरवर ठेवा, नाहीतर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. डुलकी लागली तर चहाच्या टपरीशी थांबा, पहिला दिवस थोडा वाया गेला तरी चालेल.

एवढे सांगूनही गाडी रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबू नका. सगळे उतरा, चाकांतली हवा थोडी कमी करा आणि गावात हाक द्या. पाणी चढत असेल तर आधी मुलांना वर पाठवा, गाडी राहू दे. कुणी पाण्यात असेल तर ११२ लावा. आणि ट्रॅक्टरवाल्याशी पैशांची घासाघीस करू नका. त्याची दोरी तुटते तेव्हा तोही पाण्यातच उभा असतो.