आधी वजन ठरवा, मग बॅकप्लेट घ्या

नवख्या डायव्हरच्या पट्ट्यात शिसं चढवताना हात सहसा सढळ असतो. माणूस झटकन खाली गेला की पुढचं काम सोपं होतं. पण त्या दोन-तीन जादा किलोंची किंमत समुद्रतळाला मोजावी लागते. म्हणूनच वजनाची चाचणी डायव्हिंगमध्ये ऐच्छिक राहता कामा नये.

जादा वजन तोलायला जॅकेटमध्ये जादा हवा भरावी लागते. दहा मीटरवरची हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट फुगते. त्यामुळे डायव्हर जरा वर सरकला की आणखी वर खेचला जातो, हवा सोडली की पुन्हा बुडतो. शिसं कमरेला आणि हवा वरच्या अंगाला, त्यामुळे पाय लोंबतात, फिन्स तळाला घासतात. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं प्रवाळ मोडलं तर भरून यायला वर्षं लागतात.

यावर बॅकप्लेट हा चांगला उपाय आहे. फ्लोरिडाच्या गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हरांनी रुळवलेली ही धातूची पाटी वजन कमरेवरून पाठीवर, फुप्फुसांच्या जवळ आणते आणि शरीर आडवं राहतं. स्टीलची पाटी साधारण अडीच ते तीन किलोंची, अ‍ॅल्युमिनियमची किलोभराची.

निवड मात्र हिशेबाने व्हावी. अकरा लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमधली हवा अडीच किलोंच्या आसपास भरते. ती संपत आली की सिलिंडर तरंगू लागतो. म्हणून चाचणी डाइव्हच्या शेवटी घ्यायची: सिलिंडरमध्ये 50 बार, जॅकेट किंवा विंग (बॅकप्लेटवरची हवेची पिशवी) रिकामी, पाच मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहता आलं तर वजन बरोबर. तीन मिलिमीटरच्या वेटसूटमध्ये कुणाला चार किलो लागत असतील, तर स्टीलची पाटी बरंचसं शिसं वाचवते. दोनच किलो लागणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमचीच घ्यावी, कारण पाटीचं वजन पाण्यात काढून टाकता येत नाही.

पुण्या-मुंबईच्या तलावात शिकलेल्यांनी तिथला आकडा समुद्रात वापरू नये. सामानासह शंभर किलो भरणाऱ्याला खाऱ्या पाण्यात सुमारे अडीच किलो जास्त लागतात. सूट, सिलिंडर, पाणी आणि किलो या चार नोंदी प्रत्येक केंद्राने डायव्हरच्या लॉगबुकात करून द्याव्यात. पुढच्या बोटीवर शिसं अंदाजाने चढवावं लागणार नाही.