वर्तणूक : चांगली

१० जुलै २०२५ रोजी गुरुपौर्णिमा होती. त्याच दिवशी हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात एका मुख्याध्यापकांना त्यांच्याच विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारात चाकूने भोसकून ठार मारले. केस कापून या, शिस्तीत वागा, एवढेच त्यांनी मुलांना सांगितले होते. पुढच्याच महिन्यात उत्तराखंडातल्या काशीपूरमध्ये नववीतल्या मुलाने जेवणाच्या डब्यात लपवून आणलेल्या पिस्तुलातून शिक्षकावर गोळी झाडली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यात बारावीच्या मुलाने प्राचार्यांना शाळेतच गोळी घातली होती. आणखी मागे गेलो तर फेब्रुवारी २०१२ मधले चेन्नई आठवते. शाळेच्या डायरीत शेरे लिहिले म्हणून नववीतल्या मुलाने शिक्षिकेचा वर्गातच खून केला होता.

ही सगळी ठिकाणे आपल्या उमरग्यापासून लांब आहेत, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पुण्याला लागून असलेल्या वाघोलीत २०१८ साली केसांवरून बोलणाऱ्या शिक्षकावर विद्यार्थ्याने धारदार शस्त्राने वार केले. २०१९ साली मुंबईतल्या गोवंडीत शिकवणी घेणाऱ्या बाईंचा जीव गेला, आणि वार करणारा मुलगा जेमतेम बारा वर्षांचा होता.

आपल्याकडे तर या रोगाचा हंगाम ठरलेला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीचे पेपर सुरू झाले की राज्यात कुठून ना कुठून बातमी येतेच: कॉपी करू दिली नाही म्हणून पर्यवेक्षकाला पेपर सुटल्यावर वाटेत गाठले, दगड मारले, गाडी फोडली. परीक्षेतले गैरप्रकार रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९८२ पासून आहे. पण कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली दहा-बारा माणसे समोर दिसत असताना वर्गात एकट्या उभ्या असलेल्या शिक्षकाला कायद्याचे कलम आठवत नाही. त्याला संध्याकाळी मोटारसायकलवरून एकट्याने घरी जायचे असते. त्या भिंतीवर चढलेल्यांत मुलांचे भाऊ, मामा, कधी कधी वडीलही असतात, हे आपण सगळे जाणतो. मुलाने शिक्षकावर हात टाकायला सुरुवात केली त्याच्या आधीच घरच्यांनी शिक्षकाला धमकावायला सुरुवात केली होती.

असा प्रसंग घडला की शाळा पुढे काय करते, यावर या संपादकीयात लिहायचे आहे. हल्ल्याच्या बातम्या छापून येतात. त्यानंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत जे घडते ते कुठे छापून येत नाही.

त्या खोलीत चार खुर्च्या वाढवल्या जातात. मुलाचे वडील, चुलते, गावातले एक वजनदार गृहस्थ आणि संस्थेचे एक संचालक बसतात. चहा सांगितला जातो. “सर, लेकरू हाय. दहावीचं वरीस हाय. वाटोळं होईल की त्याचं,” वडील म्हणतात, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी असते. संचालक म्हणतात, “शाळेचं नाव पेपरात यायला नको.” ज्यांच्यावर हात उठला ते सर कडेच्या खुर्चीवर असतात. त्यांना काय वाटते, हे कोणी विचारत नाही. मुलाला पाया पडायला सांगितले जाते. तो वाकतो. सर त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. प्रकरण मिटते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला सरांना त्याच वर्गावर जायचे असते, आणि काल जे झाले ते पाहिलेली साठ मुले बाकांवर बसलेली असतात.

दुसरी रीत याच्या नेमकी उलटी दिसते. शिक्षकवर्ग संतापलेला असतो, म्हणून मुलाच्या हातात दाखला दिला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येत नाही, त्यामुळे ही कुऱ्हाड नववी-दहावीत पडते. “दुसरीकडं बघा, नाहीतर बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म भरा,” असे पालकांना सांगितले जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. त्यात सवयीने ‘चांगली’ असे लिहिले जाते, याही मुलाच्या दाखल्यावर तेच लिहिले जाते. तो दाखला घेऊन मूल दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत जाते किंवा कुठेच जात नाही. नव्या शाळेला काही ठाऊक नसते, आणि मुलाला एवढेच कळलेले असते की आपल्याला टाकून दिले.

मिटवणे आणि हाकलणे या दोन्ही रीतींत शाळा एकच काम टाळते. आपण काय केले आणि त्याने कोणाचे काय झाले, हे त्या मुलाला समोरासमोर पाहायला लावण्याचे ते काम आहे. ते काम शाळेचे नसेल तर शाळा कशासाठी आहे?

मूल एका दिवसात चाकूपर्यंत पोचत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज शहरात जानेवारी २०२३ मध्ये सहा वर्षांच्या मुलाने आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. मुलाजवळ पिस्तूल असावे, असे त्याच दिवशी शाळेतल्या लोकांनी वरिष्ठांच्या कानावर घातले होते. कोणी दखल घेतली नाही. पुढे ज्यूरीने तेव्हाच्या सहायक मुख्याध्यापिकेला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले आणि शिक्षिकेला १ कोटी डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय दिला. आपल्याकडेही खुणा आधी दिसतात. फळ्यावर बाईंबद्दल घाण लिहिलेले असते, सरांच्या गाडीची हवा वारंवार सोडलेली असते, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर धमकी फिरत असते. “पोरं आहेत, चालायचंच,” असे म्हणून आपण त्या पुसून टाकतो.

शिक्षकाचा मान उतरला, अशी हळहळ सगळे करतात. तो उतरवला कोणी, हेही विचारले पाहिजे. २०२३ साली वाढ होईपर्यंत शिक्षणसेवकाला महिन्याला ६ ते ९ हजार रुपये मानधन मिळत होते. आता ते १६ ते २० हजार आहे. विनाअनुदानित शाळेत आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची स्थिती याहून बिकट. मार्च २०२५ मध्ये शेजारच्या बीडमध्ये एका आश्रमशाळेच्या शिक्षकाने वर्षानुवर्षे पगार न मिळाल्याने आत्महत्या केली. ज्या माणसाची नोकरी पुढच्या जूनमध्ये असेल की नाही हे ठरलेले नसते, तो मुलाने कानाखाली मारली तरी तक्रार कशी करणार? शाळेत विद्यार्थ्यांसाठी तक्रारपेटी आहे, आणि ती असायलाच हवी. शिक्षकाची तक्रार ऐकणारे कोणी नाही.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. काशीपूरच्या त्या प्रकरणामागे शिक्षकाने मारलेल्या थपडेचा राग असल्याचे समोर आले. थप्पड गोळीचे समर्थन करत नाही. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घालून दीड दशक उलटले, तरी हात, छडी आणि चारचौघांतला पाणउतारा वर्गातून गेलेला नाही. वसईत नोव्हेंबर २०२५ मध्ये सहावीतल्या मुलीला शाळेत उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढायला लावल्या गेल्या, त्यानंतर आठवडाभरात ती दगावली. “हाडं आमची, मास तुमचं” असे सांगून पोराला शाळेत घालण्याचा काळ परत आला म्हणजे सगळे सुरळीत होईल, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आमचा ठाम मतभेद आहे. मार खाऊन मुले फक्त एकच गोष्ट नक्की शिकतात: ज्याचा हात मोठा, त्याचे खरे.

या मातीत शिक्षकाला मान कशाने मिळाला, याची उदाहरणे हाताशी आहेत. आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्यात १९२१ साली निजामाच्या राजवटीत राष्ट्रीय शाळा उभी राहिली. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तिथे शिक्षक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याची जडणघडण आपल्या शेजारच्या या खेड्यात, मुलांना शिकवताना झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप तर आपल्यापैकी अनेकांनी अंगावर झेलला आहे. सास्तूर, किल्लारी आणि आसपासच्या गावांत घरांचे ढिगारे झाले, त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरल्या. ज्यांची स्वतःची माणसे गेली होती असे शिक्षक त्या शेडमध्ये हजेरी घेत होते. त्या मुलांच्या मनात शिक्षकाबद्दल जो आदर राहिला, त्याचा छडीशी काही संबंध नाही.

मग शाळेने नेमके काय करावे? आमच्या मते पहिली गोष्ट म्हणजे लेखी नोंद, त्याच दिवशी. काय घडले, कोणी पाहिले, आधी काय खुणा होत्या, हे सगळे मुख्याध्यापकांनी लिहून शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि संस्थेपुढे ठेवावे. मोठ्या प्रसंगासाठी थांबू नये, पहिल्या धमकीचीही नोंद व्हावी.

दुसरे, शिक्षकाला एकटे सोडू नये. दवाखान्यात त्याच्याबरोबर शाळेतले कोणीतरी जावे. पोलिसांत तक्रार द्यायची तर ती शाळेच्या वतीने मुख्याध्यापकांनी द्यावी. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर पाठवू नये आणि ‘सोय’ म्हणून त्याचीच बदलीही करू नये. सरकारी शिक्षकावर कर्तव्य बजावताना झालेला हल्ला हा लोकसेवकावरचा हल्ला ठरतो आणि त्याला भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ लागू होते. डॉक्टरांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. खासगी, विनाअनुदानित आणि तासिकेवरच्या शिक्षकांसह सर्वांना तसे संरक्षण देण्याचा विचार सरकारने करावा. दक्षिण कोरियात २०२३ साली एका तरुण शिक्षिकेच्या आत्महत्येनंतर शिक्षक हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आले आणि काही महिन्यांतच तिथल्या संसदेला शिक्षकांच्या हक्कांसाठी कायदे दुरुस्त करावे लागले.

तिसरे, हत्यार निघाले किंवा जखम झाली तर प्रकरण पोलिसांकडे आणि बाल न्याय मंडळाकडे गेलेच पाहिजे. “लेकराचं वाटोळं होईल” या भीतीला कायद्यातच उत्तर आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार मंडळ मुलाला समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी राहणे असे आदेश देऊ शकते. सोळा वर्षांपुढच्या मुलाच्या अतिगंभीर गुन्ह्याचा अपवाद सोडला तर पुढच्या आयुष्यात त्या गुन्ह्यामुळे तो कशालाही अपात्र ठरत नाही, हे कलम २४ सांगते. पालकांना हे समजावून सांगणारा एक माणूस त्या खोलीत असला तर निम्मी मिटवामिटवी थांबेल. आणि मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ने मनाई आहे. म्हणून कोणीही, शिक्षकानेसुद्धा, त्या प्रसंगाचा व्हिडिओ पुढे पाठवू नये. केरळात पालक्काड जिल्ह्यात जानेवारी २०२५ मध्ये मोबाइल काढून घेतल्यावर मुख्याध्यापकांना धमकावणाऱ्या मुलाचा व्हिडिओ देशभर फिरला. मुलाने माफी मागितली, शिकायचे आहे असे सांगितले. पण माफीपेक्षा धमकीच जास्त लोकांनी पाहिली.

चौथे आणि सर्वांत कष्टाचे काम म्हणजे परत येण्याची वाट. काही दिवस वर्गाबाहेर ठेवावे, पण त्या दिवसांत अभ्यास आणि भेटी ठरलेल्या असाव्यात. शिक्षकाची तयारी असेल तेव्हाच, आणि असेल तरच, दोघांना समोर बसवावे. तिथे आधी शिक्षकाने बोलावे, मुलाने ऐकावे. मग मुलाने काय भरून द्यायचे ते ठरवावे. पाया पडणे म्हणजे भरपाई नव्हे. शाळेतल्या एका मोठ्या माणसाने दर आठवड्याला त्याच्याशी बोलावे. वडील पुण्याला किंवा हैदराबादला कामाला असतील आणि घरी फक्त आजी असेल, तर फोनवरून का होईना वडिलांना यात ओढावे. शाळा बदलणेच भाग पडले तर मुख्याध्यापकाने नव्या मुख्याध्यापकाशी स्वतः बोलून मूल सोपवावे. आणि ज्या साठ मुलांनी तो प्रसंग पाहिला, त्यांच्याशी दुसऱ्याच दिवशी बोलावे. आपण गप्प बसलो तर ती मुले स्वतःच निष्कर्ष काढतात.

पाचवे, समुपदेशक. परीक्षेच्या दिवसांत शिक्षण मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करते, वर्षभर मात्र आपल्या बहुतेक शाळांत असे कोणी नसते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी मिळून एक समुपदेशक नेमायला सुरुवात केली, तरी ते मोठे पाऊल ठरेल. छत दुरुस्तीसाठी आणि स्नेहसंमेलनासाठी आपण वर्गणी काढतो, यासाठीही काढू.

या दिवाळी अंकातल्या लेखांपैकी बरेच या विषयाभोवती आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, तासिकेवर शिकवणारे तरुण, पालक आणि माजी विद्यार्थी यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. सगळ्यांची मते एक नाहीत, आमच्याशीही काहींचे पटत नाही, तरी ती जशीच्या तशी छापली आहेत. कथा, कविता आणि व्यंगचित्रांची फराळाची थाळी नेहमीप्रमाणे आहेच.

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू होईल आणि त्यानंतर परीक्षेचा हंगाम यायला फार दिवस उरणार नाहीत. उमरगा, लोहारा, मुरूम परिसरातल्या सर्व संस्थाचालकांना आमची विनंती आहे की सत्राच्या पहिल्याच बैठकीत एक ठराव करावा: आमच्या शाळेत शिक्षकावर किंवा विद्यार्थ्यावर हात उठला तर आम्ही प्रकरण मिटवणार नाही, आणि मुलाला टाकूनही देणार नाही. ठराव करणाऱ्या प्रत्येक शाळेचे नाव पुढच्या दिवाळी अंकात पहिल्या पानावर छापू, हा आमचा शब्द.



— संपादक, उमरगा