औषधाचा धोका आणि दुखण्याचा धोका

मोटारीच्या वायरीवरचे वेष्टन उंदराने कुरतडले, की वीज नीट पोचत नाही. मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवरही असेच आवरण असते. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटून ते आवरण खराब करू लागते, त्या दुखण्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. नजर अंधुक होणे, पाय जड पडणे, मुंग्या येणे, तोल जाणे ही त्याची लक्षणे. बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होते; बायकांत अधिक. ही बाहेरची बाधा नव्हे आणि ते एकाचे दुसऱ्याला लागत नाही.

ते मुळासकट बरे करणारे औषध नाही. झटके कमी करणारी औषधे मात्र आहेत. ती प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, म्हणून इतर रोगजंतूंना वाट मिळू शकते.

नॅटालिझुमॅब या औषधाची हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २००४ मध्ये परवानगी मिळाली. फेब्रुवारी २००५ मध्ये विक्री थांबली, कारण ते घेतलेल्यांत मेंदूचा एक विषाणूजन्य आजार आढळला. असे तीन रुग्ण निघाले, दोघे दगावले. पण ९४२ रुग्णांवरील चाचणीत पहिल्या वर्षी झटके ६८ टक्क्यांनी कमी झाले होते. मार्च २००६ च्या सुनावणीत रुग्णांनीच ते परत मागितले. जूनमध्ये नोंदणी आणि देखरेखीच्या अटींवर ते परत आले. पुढे रक्ताची तपासणीही निघाली. त्या विषाणूचा संसर्ग झाल्याची खूण रक्तात नसेल, तर धोका दहा हजारांत सुमारे एक. खूण असून औषध दोन वर्षांहून अधिक चालले, तर तो हजारी काही जणांपर्यंत वाढतो.

म्हणजे एकच औषध, पण धोका प्रत्येकाचा वेगळा. घरात असा रुग्ण असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा: औषध न घेतल्यास काय होईल? आमच्या माणसाला धोका किती? तपासण्या कोणत्या आणि केव्हा? कोणते लक्षण दिसताच यायचे? खर्च किती आणि किती वर्षे? पूर्वी क्षय किंवा कावीळ झाली असेल, गरोदरपण असेल किंवा मूल हवे असेल, तर आधीच सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका. काही औषधे एकदम सोडली, तर दुखणे पुन्हा उसळते.

फवारणीचे औषध विषारी म्हणून आपण पीक किडीच्या स्वाधीन करत नाही, आणि प्रमाण न पाहता पंपही भरत नाही. इथेही तसेच वागावे.