वाचवलेली धाव



आज विषय बेसबॉलचा आहे. हसू नका. न्यू जर्सीत राहणारा माझा मुलगा आणि नातू दोघेही न्यूयॉर्क मेट्स या संघाचे भक्त. डिसेंबरपासून त्यांच्या घरात एकच वाद आहे: यंदा मेट्स प्लेऑफला पोचणार की नाही? मुलगा म्हणतो पोचणार, नातू म्हणतो शक्यच नाही. फोनवर दोघेही मलाच पंच करतात. मला बॅट धरता येत नाही, पण बी.कॉम. आहे, हिशेब कळतो.

गेल्या वर्षाचा हिशेब असा. हुआन सोतो या एका खेळाडूला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर कबूल केले. (आकडा ऐकून मी परिग्रह-परिमाणाचा विषय काढला, तर मुलगा म्हणाला, "आई, आत्ता नको.") १२ जूनला ४५ सामने जिंकलेले, २४ हरलेले, तीसही संघांत अव्वल. आणि १६२ सामन्यांच्या शेवटी ८३ जिंकले, ७९ हरले. सिनसिनाटीचेही नेमके ८३ विजय होते, पण आपसातल्या सामन्यांत ते सरस, म्हणून ते आत आणि मेट्स बाहेर. एक विजय कमी पडला.

मग हिवाळ्यात घर रिकामं केलं. पीट अलोन्सो बाल्टिमोरला गेला. या संघासाठी सर्वात जास्त होम रन मारणारा हाच, २६४. एडविन डियाझ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे, ब्रँडन निमो टेक्ससला, जेफ मॅकनील अ‍ॅथलेटिक्सकडे. चौघेही किमान सात हंगाम इथलेच. त्यांच्या जागी मार्कस सिमियन, बो बिशेट, होर्हे पोलांको, लुईस रॉबर्ट, आणि मिलवॉकीचा पिचर फ्रेडी पेराल्टा.

नातू फक्त गेलेले होम रन मोजतो. पण संघाचे कर्तेधर्ते डेव्हिड स्टर्न्स यांचं म्हणणं वेगळं: समोरच्याला धावा करू देऊ नका. हे मला लगेच पटलं. घर चालवणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही की वाचलेला रुपया आणि कमावलेला रुपया ताळेबंदात सारखाच असतो. मिळवणाऱ्याचं कौतुक होतं, वाचवणारीचं होत नाही, एवढाच फरक.

आणि पुरावाही आहे. त्याच १२ जूनच्या सामन्यात अलोन्सोने पिचर कोडाई सेंगाकडे फेकलेला चेंडू उंच गेला, तो धरायला सेंगाने उडी मारली आणि मांडीचा स्नायू दुखावून बसला. तोवर तो लीगमधल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक होता. नंतर पूर्वीसारखा झालाच नाही, सप्टेंबरमध्ये त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं. संघाने पुढे ३८ जिंकले, ५५ हरले. सगळं त्या एका फेकीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, इतर पिचरही लवकर दमत होते. पण होम रनच्या रकान्यात हा खर्च दिसत नाही.

तरी मुलाच्या बाजूलाही मी पूर्ण नाही. धावा वाचवायच्या म्हणता, आणि तिसऱ्या बेसवर बिशेटला उभं करता, जो मेजर लीगमध्ये तिथे कधी खेळलेला नाही. पहिल्या बेसवर पोलांको, त्यालाही ती जागा नवीच. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पंचवीस माणसांचा स्वयंपाक सांगण्यातला प्रकार. आणि दुसरं: भागीदार निवृत्त झाला की फर्मच्या ख्यातीचं मूल्य काढून त्याचा वाटा द्यावा लागतो, हे आम्ही कॉलेजात शिकलो. इथे चार भागीदार एका हिवाळ्यात गेले. त्यांच्यासोबत ड्रेसिंग रूममधलं किती गेलं, ते कुणीच मांडलं नाही.

माझा निकाल: प्लेऑफ मिळेल. मुख्यतः पेराल्टामुळे. गेल्या वर्षी त्याने १७ सामने जिंकून दिले, आणि यांना हवा होता एकच जास्त. विजेतेपद मात्र नाही. सलग दोन वर्षं ते डॉजर्सकडे आहे, आणि आता डियाझही तिकडेच.

नातवाने यावर दहा डॉलरची पैज लावायची म्हटली. तिकडे सामन्यात दर थोड्या वेळाने सट्ट्याच्याच जाहिराती, पोराचा काय दोष? पण सप्तव्यसनांत जुगाराचं नाव पहिलं येतं, तेव्हा पैज नाही असं स्पष्ट सांगितलं. मग त्याने खरा प्रश्न विचारला: "आजी, अलोन्सोचा जर्सी आता मेट्सच्या मॅचला घालून गेलं तर चालेल का?" मी म्हटलं, घाल की. तिथले सामने रात्रीचे, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच. मी सामायिकाला उठलेलीच असते. ते आटोपलं की स्कोअर बघेन.