नागिनची बीन आणि मूगचा सूर

वरात झाशीच्या खंडेराव गेटवरून निघालेली असो, इंदूरच्या राजवाड्यासमोरून की ठाण्याच्या एखाद्या गल्लीतून, बँडवाल्याने 'ती' धून छेडली की भल्याभल्यांचे पाय थांबत नाहीत. कुणी रुमालाचं टोक दातात धरून गारुडी होतो, कुणी नव्या कपड्यांची पर्वा न करता रस्त्यावर लोळून नाग होतो. हल्ली ही धून बहुधा कीबोर्डवर वाजते. मग वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "खरी बीन राहिली कुठे आता!"

गंमत अशी की, खरी बीन तेव्हाही नव्हती! १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतात घुमलेली बीन ही क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या पेटीची करामत होती. ती वाजवली होती कल्याणजींनी, म्हणजे पुढे 'कल्याणजी-आनंदजी' म्हणून गाजलेल्या जोडीतल्या थोरल्या भावाने. साथीला हार्मोनियमवर होते रवी, तेही पुढे नावाजलेले संगीतकार झाले. क्लॅव्हिओलिन हे कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये तयार केलेलं वाद्य. त्यातून एका वेळी एकच सूर निघे. दोन पट्ट्या एकदम दाबून उपयोग नसे.

या 'एकच सूर' गोष्टीमुळे पुढे इंग्लंडमध्ये एक मजेदार सौदा झाला. १९७० मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट मूग यांच्या कंपनीने 'मिनीमूग' हा उचलून नेता येईल असा सिंथेसायझर आणला. पट्ट्या ४४, पण सूर एका वेळी एकच. 'ऑलिव्हर!' चित्रपटातला बालकलाकार जॅक वाइल्ड याने तो घेतला आणि दोन सूर एकदम निघेनात म्हणून बिघडलेला समजून स्वस्तात विकून टाकला. घेणारा होता रिक वेकमन. 'येस' या बँडचा हा कीबोर्डवादक हा किस्सा पुढे रंगवून सांगत आला आहे. १९७३ मध्ये आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवर त्याने जी तबकडी काढली, तिच्यात हे 'बिघडलेलं' वाद्य भरपूर बोललं.

त्या काळात इंग्लंडमध्ये 'प्रोग्रेसिव्ह रॉक' नावाची लाट होती. तीन मिनिटांच्या गाण्याऐवजी वीस-वीस मिनिटांच्या रचना, त्यांत पाश्चात्त्य अभिजात संगीताचा थाट, आणि गिटारच्या तोडीस तोड वाजणारा कीबोर्ड. कीथ इमर्सनने १९७० मध्ये 'लकी मॅन' या गाण्याच्या शेवटी मूगवर काही सूर चाचणी म्हणून वाजवले. टेप चालू होती. तेच पहिलं वादन कायम राहिलं आणि जगभरच्या तरुणांच्या कानात बसलं. वाद्यमेळाच्या वर तरंगणारा, घसरत जाणारा हा एकटा सूर म्हणजेच 'लीड'.

हा आवाज आज घरच्या सिंथेसायझरवर काढता येतो का? येतो. पन्नास वर्षांपूर्वी घराच्या किमतीशी बरोबरी करणारं तंत्र आता मोबाइलच्या अॅपमध्येही बसलं आहे. आणि ज्या घरात पेटी आहे, त्या घराला त्याचं गणित समजायला वेळ लागत नाही.

चांगल्या पेटीत एका पट्टीला दोन-तीन सूर बोलतात. सोबतीला खर्जाचा सूर जोडला की आवाज भरदार होतो. मिनीमूगमध्येही तसे तीन सूर निर्माण करणारे भाग आहेत. त्यांना ऑसिलेटर म्हणतात. पहिल्या दोघांना करवतीच्या दात्यांसारखी लहर द्यायची. कीबोर्डवर तिचं नाव 'सॉ' असतं. तिसरा एक सप्तक खाली, खर्जात ठेवायचा. पहिले दोन मात्र तंतोतंत जुळवायचे नाहीत. एक सेकंदाला ४४० कंपनांवर असेल, तर दुसरा ४४२ वर. या दोन कंपनांच्या फरकामुळे सूर सेकंदाला दोनदा हलकेच हेलकावतो आणि जिवंत वाटतो. अगदी जुळवले तर आवाज बारीक, कोरडा होतो. फार बिघडवले तर बेसूर.

मग येतो फिल्टर. करवती लहर कर्कश असते. फिल्टर तिची वरची धार कापतो. बटण निम्म्यावर ठेवून हळूहळू उघडावं, आपोआप कळतं कुठे थांबायचं ते. पट्टी दाबताच सूर लगेच यावा, यासाठी 'अॅटॅक' शून्याजवळ ठेवायचा. वाद्य 'मोनो'वर, म्हणजे एका वेळी एकच सूर. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी 'ग्लाइड' अगदी थोडा. इमर्सनसारखी लांब घसरण हवी असेल तर जास्त. शेवटी किंचित प्रतिध्वनी.

एवढं करूनही पुष्कळांचा आवाज निर्जीव का येतो? कारण डावा हात मोकळा बसलेला असतो! कीबोर्डच्या डाव्या कडेला एक चाक असतं. काही कंपन्या चाकाऐवजी छोटी दांडी देतात. तिने सूर वाकवता येतो. बहुतेक वाद्यांवर ते पूर्ण वर नेलं की सूर दोन अर्धस्वर चढतो, म्हणजे 'सा'चा 'रे' होतो. खाली ओढलं की 'सा'चा कोमल 'नी' होतो. मधली सगळी वाट आपली. दुसरं चाक सुराला कंप देतं. महाविष्णू ऑर्केस्ट्रातल्या यान हॅमरने या चाकावर अशी हुकमत मिळवली की ऐकणाऱ्याला गिटार वाजतेय असं वाटावं.

मराठी कानाला ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली, ती १९७१ मध्ये साथीपुरती उठली. आक्षेपांमधला मोठा आक्षेप हाच होता, की पेटीतून मींड निघत नाही. पट्टी सोडली की सूर तुटतो. ज्या वाद्याने नाट्यसंगीत घरोघर पोचवलं, त्याला तीस वर्षं दाराबाहेर उभं राहावं लागलं. आणि बंदी उठण्याच्या आदल्याच वर्षी मूगच्या कारखान्यातून मींड घेणारी पेटी बाहेर पडली होती!

आपल्याकडे केरसी लॉर्ड यांच्यासारख्या जाणत्या वादकांनी मिनीमूग चित्रपटसंगीतात आणला. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत सिंथेसायझरवर यमन, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली आणि जग चकित झालं.

पण या वाद्याचा मुख्य उपयोग झाला तो नक्कल करण्यासाठी. बासरी, सनई, सतार, व्हायोलिनचा अख्खा ताफा, सगळं एका पेटीतून! १९८० आणि १९९० च्या दशकांत स्टुडिओतल्या अनेक वादकांची कामं गेली, तेव्हा बोट याच वाद्याकडे दाखवलं गेलं. तो राग खोटा नव्हता. मात्र दोष वाद्याचा कमी, त्याच्याकडून करून घेतलेल्या कामाचा जास्त. मूगचा लीड कुणाची भाकरी हिसकावून जन्मला नाही. तो कुठल्याच वाद्याची नक्कल नव्हता, त्याचा स्वतःचा गळा होता.

म्हणून घरातल्या मुला-मुलीने कीबोर्डचा हट्ट धरला, तर किती आवाज भरलेत हे मोजत बसू नये. सूर वाकवणारं चाक आहे का, ते आधी पाहावं; स्वस्तातल्या लहान कीबोर्डवर ते बहुधा नसतं. मग वेकमन-इमर्सनची खुशाल नक्कल करू द्यावी. शिष्य आधी गुरूसारखंच गातो. फक्त एक शिस्त लावावी. चाक पूर्ण खाली ओढून 'रे'ची पट्टी दाबायची, ऐकू येईल 'सा'. मग चाक सावकाश मध्यावर सोडत 'रे'वर यायचं. कधी एका मात्रेत, कधी चार मात्रांत. आणि प्रत्येक ओळ वाजवण्याआधी गाऊन पाहायची. जी ओळ गळ्यातून निघत नाही, ती चाकातूनही निघत नाही.